परदेशात नंबरप्लेट चोरीला गेली तर: खर्च किती, धावपळ किती

जर्मनीत नोंदलेल्या गाडीच्या नंबरप्लेटची जोडी २० ते ४० युरोला मिळते. ऑनलाइन मागवली तर त्याच्या निम्म्यातही. पण तीच जोडी सुट्टीत इटलीत किंवा फ्रान्समध्ये चोरीला गेली, तर खर्च ६०-७० युरोंपासून सुरू होतो, आणि हाती पोलिसांचा कागद नसेल तर तो कुठे थांबेल हे सांगता येत नाही. चोर प्लेट नेतो ती नंबरासाठी. तो नंबर दुसऱ्या गाडीला लावून पेट्रोल भरायचं आणि पैसे न देता पळायचं, टोल बुडवायचा, कॅमेऱ्यासमोरून बिनधास्त सुसाट जायचं, हा त्याचा धंदा. बिलं आणि दंडाची पत्रं मात्र म्युनिक किंवा स्टुटगार्टच्या तुमच्या पत्त्यावर येतात.

तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ब्रेनर खिंड ओलांडून गाडीने गार्डा सरोवर गाठणारे पुष्कळ आहेत. म्हणून हिशेबाला जर्मन गाडी आणि इटलीतली चोरी हेच उदाहरण घेऊ.

प्लेट नाही हे लक्षात आलं की आधी गाडीचे मागून-पुढून फोटो काढा आणि जवळच्या काराबिनिएरी ठाण्यात किंवा क्वेस्तुरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, जा. तिथे चोरीची तक्रार नोंदवायची. तिला ‘देनुन्चा’ म्हणतात आणि तिला पैसे पडत नाहीत. जाताना पासपोर्ट किंवा निवासाचं कार्ड, लायसन्स आणि गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे फारत्सॉइगशाइन, बरोबर घ्या. भाषेची अडचण असेल तर हॉटेलवाल्याला फोनवर घ्या. ते लोक अशा कामाला सरावलेले असतात.

तक्रारीत काय लिहून घेता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नंबर आणि चासी नंबर तर हवेतच. पुढची प्लेट गेली, मागची गेली की दोन्ही, हेही हवं. पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्लेट शेवटची कधी आणि कुठे पाहिली आणि ती नसल्याचं कधी कळलं, या दोन वेळा. ‘काल रात्री’ एवढ्यावर भागवू नका, तास लिहून घ्या. पुढे मिलानहून दंडाची पत्रं येऊ लागली की तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट ती वेळच असते. शिक्का-सहीची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. चोरीच्या प्लेटची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक पोलीस माहितीप्रणालीतही जाऊ शकते, म्हणून नंबर लिहिताना एका अक्षराचीही चूक होऊ देऊ नका.

आता प्रश्न घरी परतण्याचा. इटलीच्या वाहतूक कायद्याच्या १०२ व्या कलमानुसार प्लेट हरवल्यावर ४८ तासांत तक्रार करावी लागते. पुढचे १५ दिवस ती सापडते का याची वाट पाहायची, आणि तोवर पांढऱ्या फलकावर तीच अक्षरं लिहून, त्याच आकारात, त्याच जागी लावून गाडी चालवता येते. हा नियम इटालियन गाड्यांसाठी आहे. पण तिथल्या रस्त्यावरच्या पोलिसाला काय पाहायची सवय आहे ते यातून कळतं. जर्मन प्लेटचा नेहमीचा आकार ५२० बाय ११० मिलिमीटर. स्टेशनरीच्या दुकानातून पांढरा पुठ्ठा, काळा मार्कर आणि पारदर्शक चिकटपट्टी आणा, पाचेक युरोत काम होतं. डावीकडची निळी पट्टीही प्लेटबरोबर गेलेली असते, म्हणून देश कळावा यासाठी शेजारी ‘डी’ लिहा. मात्र ही पाटी उघडउघड तात्पुरती दिसली पाहिजे. सरकारी शिक्क्याची नक्कल, रंगीत प्रिंटआउट, अस्सल वाटेल अशी कारागिरी नको. जर्मन कायद्यात नंबरप्लेटचा लबाडीने गैरवापर करणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी रात्री दोन वाजता महामार्गावर ते पटवून देत बसायची वेळ कशाला आणायची?

अशी पाटी वाटेतल्या प्रत्येक देशात चालेलच असं नाही. तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसालाच विचारा, आणि निघण्याआधी विमा कंपनीच्या किंवा ऑटो क्लबच्या मदतकेंद्राला फोन करा. खुद्द जर्मनीत प्लेटशिवाय गाडी चालवण्याचा दंड ६० युरो आहे. म्हणून सीमा ओलांडल्यावर नातेवाइकांकडे मुक्काम, वाटेतलं शहर बघणं वगैरे बेत रद्द करा आणि थेट घर गाठा.

एकच प्लेट गेली तर उरलेल्या एकीवर भागवावं, असं पुष्कळांना वाटतं. ते चालत नाही. शिवाय जर्मनीत चोरीनंतर तोच नंबर परत देत नाहीत. जुना नंबर साधारण दहा वर्षांसाठी गोठवतात आणि गाडीला नवा देतात, म्हणजे दोन्ही प्लेट बदलाव्याच लागतात. वाढदिवसाची तारीख आणि आद्याक्षरं घालून घेतलेला हौशी नंबर असेल तर तोही गेलाच.

गावी पोचल्यावर त्सुलासुंगस्टेलची, म्हणजे तिथल्या आरटीओची, वेळ घ्या. नोंदणीपत्राचे दोन्ही भाग, उरलेली प्लेट, ओळखपत्र, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, विम्याचा इलेक्ट्रॉनिक क्रमांक, ताजा तांत्रिक तपासणी अहवाल आणि पोलीस तक्रार एवढं लागतं. तक्रार इटालियनमध्ये आहे म्हणून खिडकीवरचा कारकून कुरकुरू शकतो. घरच्या पोलिसांकडेही एक तक्रार करून ठेवली की तो वाद संपतो. बऱ्याच राज्यांत ती ऑनलाइन आणि फुकट करता येते. कसलीच तक्रार केली नसेल तर प्लेट हरवल्याचं शपथेवर लिहून द्यावं लागतं आणि त्याचे ३० युरोंच्या आसपास जातात. पोलिसांकडचा कागद फुकट मिळत होता, हे तेव्हा आठवतं.

नवा नंबर देण्याची फी साधारण ३० युरो. पसंतीचा नंबर हवा असेल तर १० युरो २० सेंट, तो आधी राखून ठेवला तर आणखी २ युरो ६० सेंट. प्लेटची जोडी बाहेरच्या दुकानातून घ्यायची. कार्यालयाला लागून असलेलं पहिलं दुकान बहुधा सगळ्यांत महाग असतं, शंभर पावलं पुढे गेलात तर दहा युरो वाचतात. गाडीला हिरवा पर्यावरण बिल्ला असेल तर त्यावर नंबर लिहिलेला असतो, म्हणून तोही नवा, साधारण ५ ते १० युरो. हे बहुतेक जण विसरतात. आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रात, म्हणजे बिल्ला सक्तीचा असलेल्या भागात, तो नसताना शिरल्याचा दंड १०० युरो आहे.

गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर नोंदणीपत्राचा दुसरा भाग बँकेकडे असतो. बँक तो थेट कार्यालयाला पाठवते, त्याची वेगळी फी लावते, आणि यात बरेच दिवस जाऊ शकतात. तेवढे दिवस गाडी दारात उभी. म्हणून बँकेला इटलीतूनच ईमेल टाका. परत येऊन सांगायचं ठरवलंत तर तेवढे दिवस वाया जातात. विम्यातून भरपाईचा विचार सोडलेला बरा. टाइलकास्को, म्हणजे चोरी-नैसर्गिक आपत्तीच्या विम्यात, १५० युरो स्वतः भरण्याची अट सर्रास असते आणि इथला एकूण खर्च त्याच्या आतच राहतो. विमा कंपनीला नवा नंबर कळवणं मात्र सक्तीचंच समजा.

मग नंबराला जोडलेल्या बाकीच्या गोष्टी. ऑस्ट्रियाचं डिजिटल विग्नेट, म्हणजे महामार्गाचा टोल-परवाना, नंबरावरच निघतं. २०२५ मध्ये वार्षिक विग्नेट १०३ युरो ८० सेंटला होतं, ते नव्या नंबरावर वळवायला अर्ज करा. दहा दिवसांचं १२ युरो ४० सेंटचं होतं, त्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही. स्वित्झर्लंडचं ई-विग्नेट आणि चेक प्रजासत्ताकाचं ई-विग्नेट यांचंही तसंच. राहत्या गल्लीतला पार्किंग परवाना, ऑफिसच्या पार्किंगचं गेट, पार्किंगचं अ‍ॅप, सगळीकडे नंबर बदला. अ‍ॅपमध्ये जुना नंबर राहिला तर पैसे जुन्या नंबरावर जातात आणि दंडाची चिठ्ठी नव्या नंबराच्या गाडीवर चिकटते.

तक्रारीची प्रत निदान दीड वर्ष जपून ठेवा. इटलीच्या जुन्या शहरभागांत, म्हणजे झेडटीएल विभागांत, परवानगीशिवाय शिरल्याचा दंड परदेशी पत्त्यावर कळवायला ३६० दिवसांची मुदत असते. घटनेला वर्ष होत आल्यावर फ्लोरेन्सहून पत्र आलं तर घाबरू नका आणि ते फेकूनही देऊ नका. मुदतीत उत्तर द्या, सोबत तक्रारीची प्रत जोडा.

इंग्लंडच्या गाडीला हा त्रास बराच कमी. तिथे नोंदणी झालेला कोणताही विक्रेता ओळखपत्र आणि व्ही५सी हे नोंदणीपत्र पाहून त्याच नंबराची नवी प्लेट बनवून देतो. पोलिसांकडून गुन्ह्याचा क्रमांक घ्यायचा एवढंच. तुमच्या नंबराची नक्कल वापरली जात असेल तर डीव्हीएलएकडे, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाकडे, नवा नंबर मागता येतो. पण चुकीची किंवा नियमाबाहेरची प्लेट लावल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आहे, हे स्लाउ किंवा वेम्ब्लीहून फेरीने गाडी फ्रान्सला नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पुण्या-मुंबईहून येऊन भाड्याची गाडी घेतली असेल तर प्लेट तुमची नाही, पण डोकेदुखी तुमचीच. कंपनीला लगेच फोन करा. घरगुती पाटी लावून स्वतःच्या जबाबदारीवर निघू नका. गाडी बदलून द्यायची की तिथेच उभी ठेवायची, हे त्यांना लेखी ठरवू द्या. भाडेकरारातल्या अपघात-सवलतीतून किल्ल्या, कागदपत्रं आणि नंबरप्लेट बऱ्याचदा वगळलेल्या असतात, शिवाय वर प्रशासकीय फी लावतात. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात भाड्याच्या गाडीचा खर्च येतो का, ते पॉलिसीत आधीच वाचा. सामान आणि पासपोर्ट येतात, गाडीचे भाग सहसा येत नाहीत. युरो शंभर रुपयांच्या आसपास असताना ही फी रुपयांत चांगलीच बोचते. पैसे अनेकदा तुम्ही भारतात परतल्यावर कार्डावरून कापले जातात, म्हणून तक्रारीची एक प्रत कंपनीला द्या, एक स्वतःकडे ठेवा आणि गाडी परत करताना ‘प्लेट चोरीला गेली’ असं पावतीवर लिहून घ्या.

जुनी प्लेट महिन्याभराने कुणाला झुडपात सापडली आणि परत मिळाली, तर ती गाडीला लावू नका. पोलिसांकडे ती अजूनही चोरीची म्हणून नोंदलेली असते.