ह्यूजचा फोन आणि तांडेलाची मोजणी

प्रिय सई,

तुझ्या खाडीवरच्या मालिकेची तीन प्रकरणं मामाने एका बैठकीत संपवली. आबा तांडेल फर्मास जमलाय. दर फेरीला तो होडीतली डोकी मोजतो आणि दर फेरीला त्याचा आकडा चुकतो. कधी बोकडाला धरतो, कधी स्वतःलाच विसरतो. घोटाळा तिसऱ्या प्रकरणात आहे. होडी उलटलीय, किनाऱ्यावर रडारड चाललीय आणि कोपऱ्यातल्या चौकटीत एक कावळा कुणाची तरी भजी पळवतोय. सलग गंभीर पानं वाचून वाचक कंटाळेल म्हणून हा कावळा घातला, असं तू चिठ्ठीत लिहिलंस. मामाला हे पटलेलं नाही. का, ते सांगायला जरा जपानपर्यंत जावं लागेल.

हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दूधधंदा करणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढली. स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की ती चष्मा लावलेली गाय काढते! तिची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मांगा मालिका 2001 ते 2010 या काळात ‘मंथली शोनेन गांगान’ मासिकात क्रमशः आली. 108 प्रकरणं, 27 खंड. मेलेल्या आईला किमयेच्या जोरावर परत आणायला निघालेले दोन भाऊ, एडवर्ड आणि अल्फोन्स. त्या खटाटोपात एडवर्डचा एक हात आणि एक पाय जातो. अल्फोन्सचं तर अख्खं शरीर जातं, आत्मा तेवढा एका पोकळ चिलखताला बांधलेला राहतो. इतक्या काळ्याकुट्ट गोष्टीत हशा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहे, आणि तो आणतात कोण, तर हेच होरपळलेले लोक.

त्यातला माएस ह्यूज बघ. हा लष्करातला तपास अधिकारी, पण आधी एलिसियाचा बाप. दिसेल त्याच्यासमोर खिशातून मुलीचे फोटो काढतो. दोस्त रॉय मस्टँगला लष्कराच्या फोनवरून पोरीचं कौतुक ऐकवत बसतो, तो बिचारा वैतागतो. वाचकाला ही नेहमीची गंमत वाटते आणि तो निर्धास्त होतो. मग चौथ्या खंडात ह्यूजला एका भयंकर कारस्थानाचा सुगावा लागतो. कार्यालयातल्या फोनवर त्याचा भरवसा उरलेला नाही, म्हणून जखमी अवस्थेत तो बाहेरच्या फोनबूथपर्यंत पोचतो आणि मस्टँगलाच फोन लावतो. रूप पालटू शकणारा मारेकरी त्याच्या बायकोचा चेहरा घेऊन समोर उभा राहतो. ह्यूजचा हात थबकतो आणि गोळी सुटते. मस्टँग फोनवर येतो तेव्हा पलीकडे बोलणारं कुणी नसतं.

फोन तोच, घरच्या माणसांचं वेडही तेच. आतापर्यंत ज्यावर आपण हसलो, त्यानेच माणूस संपला. दफनाच्या वेळी लहानगी एलिसिया विचारते, बाबांना मातीत का घालताय, त्यांना कामं आहेत ना? इथे अराकावा डोळ्यांचे ठिपके करत नाही की अंग बुटकं करत नाही, एरवी गंमत आली की तिची चित्रं लगेच तशी होतात. कावळाबिवळा तर नाहीच. त्या-त्या खंडात मेलेली पात्रं स्वर्गाकडे निघाल्याची छोटी चित्रं ती काढते, पण ती खंडाच्या शेवटी, कथा मिटल्यावर.

मामाला तर एडवर्डच्या उंचीची गंमत याहून धूर्त वाटते. त्याला कुणी बुटका म्हटलं की तो थयथयाट करतो. हे इतक्यांदा होतं की एखाद्या वाचकाला कंटाळाही यावा. पुढे एडवर्ड स्वतःच एक तर्क मांडतो: हरवलेलं अल्फोन्सचं शरीर कुठेतरी जिवंत असेल आणि त्याचं पोषण आपल्याच शरीरातून होत असेल. म्हणून कदाचित आपली वाढ खुंटली! त्यानंतर मागचे खंड चाळले तर त्याच विनोदांवर हसू येतं, पण जरा अडखळत. अल्फोन्स रस्त्यावरची मांजरं चिलखतात लपवतो, तीही गंमतच, आणि ती शक्य होते कारण आत कुणी नाही.

आता अमेरिकेतल्या जेफ स्मिथचं ‘बोन’ घे. 1991 ते 2004, कृष्णधवल 55 अंक, बहुतेक त्याने स्वतःच छापलेले. त्याने वेगळीच वाट धरली. टपोऱ्या नाकाचे, गोलमटोल बोनबंधू आणि माणसासारखी रेखाटलेली थॉर्न एकाच चौकटीत उभी असतात. गंमत आली म्हणून चित्र बदलत नाही. ढोंगी फोनी बोनच्या महापौरपदाच्या निवडणुकीतला एक हास्यास्पद फुगा उडत उडत खोऱ्यात येतो, आणि खलनायिका तो शकुन मानून या दीडशहाण्याच्या मागे लागते. म्हणजे युद्धाची एक कळ त्या फुग्यात. ही वाट अवघड आहे. रेषेवर स्मिथइतका हात बसेपर्यंत तू तिच्या वाटेला जाऊ नकोस.

तर तुझ्याकडे काय आहे? आबाची चुकणारी मोजणी आहे, आणि ती वाया चाललीय. होडी उलटते त्या संध्याकाळी आबाचा आकडा पहिल्यांदाच बरोबर निघू दे. बावीस चढले होते, किनाऱ्याला एकवीस लागले, असं तो ओरडून सांगेल. पण आबाचं गणित, म्हणत लोक हसतील आणि कंदील घेऊन कुणी पाण्यात उतरणार नाही. वाचकही क्षणभर त्यांच्याबरोबर हसेल, कारण गेली दोन प्रकरणं तूच त्याला ती सवय लावलीस. एवढं झालं की पुढच्या पानावर संवादाचे फुगे कमी कर.

एक मात्र सांभाळ. यासाठी पहिल्या दोन प्रकरणांत मोजणी किमान चार-पाच वेळा यायला हवी आणि दर वेळी वेगळ्या कारणाने चुकायला हवी. सध्या दुसऱ्या प्रकरणात ती एकदाच आहे, तीही बोकडाचीच. तिथे लग्नाच्या वऱ्हाडाची फेरी घाल. कडेवरची पोरं धरायची की नाही, यावर वरमाईशी आबाचं भांडण लागू दे.

कावळा वाईट काढलेला नाही. त्याला पहिल्या प्रकरणात, धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर बसव. तिथली भजी त्याने खुशाल पळवावी. तिसरं प्रकरण नव्याने आखलंस की आधी कच्ची पेन्सिलची पानंच पाठव, शाई नंतर.

तुझा,
मामा