दीड व्होल्टचा इलेक्ट्रॉन आणि ॲमिनो आम्लाचा रेणू

प्रारणाने सजीव पेशींची हानी होते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. कर्करोगावरील प्रारणोपचार या हानीवरच आधारलेला आहे. मात्र ही हानी नेमकी कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. क्ष-किरण अथवा वेगवान कण शरीरातून जाताना वाटेतील रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवीत जातो. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा अशा रीतीने खर्ची पडली, म्हणजे सुमारे ४० ते ५० हजार इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांतील बहुतेकांची ऊर्जा ३० इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी असते. मूळ किरणाच्या मानाने हे इलेक्ट्रॉन अगदीच दुबळे. म्हणून त्यांच्याकडे दीर्घकाळ फारसे लक्ष गेले नाही.

२००० साली कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठाच्या लेऑन सांश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन डीएनएवर सोडले. त्याचे एक, तसेच दोन्ही धागे तुटलेले आढळले. त्यानंतर साहजिकच प्रथिनांकडे, म्हणजे त्यांच्या घटक असलेल्या ॲमिनो आम्लांकडे, संशोधक वळले.

ग्लायसीन हे सर्वांत साधे ॲमिनो आम्ल. १८२० साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने ते जिलेटिनपासून मिळविले. चवीला गोड, म्हणून नावही तसेच पडले. या पांढऱ्या भुकटीस निर्वात पात्रात बेताची उष्णता दिली की तिची वाफ होते. तीवर मोजून-मापून ऊर्जा दिलेल्या इलेक्ट्रॉनांचा झोत सोडावयाचा आणि निर्माण होणारे ऋण आयन वस्तुमानानुसार वेगळे करावयाचे, अशी या प्रयोगाची रीत आहे. ग्लायसीनच्या रेणूचे वस्तुमान ७५. परंतु सर्वाधिक संख्येने मिळणारा आयन ७४ वस्तुमानाचा असतो. म्हणजेच हायड्रोजनचा एक अणू निखळलेला असतो. हे घडते ते सव्वा ते दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दरम्यान. टॉर्चमधील एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्या दाबाने निर्वातात ढकललेल्या इलेक्ट्रॉनाला एवढीच ऊर्जा मिळते. तांबड्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जाही याहून अधिक असते!

मग कार्बोक्सिल गटातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटतो कसा? त्यासाठी तर सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. येथे जमाखर्चाची दुसरी बाजू पाहावयास हवी. इलेक्ट्रॉन रेणूवर आदळून निघून जात नाही. तो रेणूत सामावला जातो. हायड्रोजन गेल्यावर उरणारा भाग इलेक्ट्रॉनाचा मोठा लोभी असून, त्याला बांधून घेताना सव्वातीनच्या आसपास ऊर्जा परत मिळते. उरलेली सव्वाची तूट इलेक्ट्रॉन स्वतःच्या गतीतून भरून काढतो. ऊर्जा याहून कमी असेल तर बंध तुटत नाही. बरीच अधिक असेल तर इलेक्ट्रॉन पकडलाच जात नाही. विशिष्ट ऊर्जेलाच होणाऱ्या या ग्रहणाला अनुस्पंदन म्हणतात.

अधिक ऊर्जेला अशीच आणखी अनुस्पंदने आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांचे याबाबतचे कार्य २००५ साली प्रसिद्ध झाले. पाण्यातून हायड्रोजनचा ऋण आयन साडेसहाच्या, अमोनियातून साडेपाचच्या, तर मिथेनमधून दहाच्या सुमारास सुटतो. मोठ्या सेंद्रिय रेणूंतील त्या-त्या गटांतूनही तो जवळपास त्याच ऊर्जांना सुटतो, असे त्यांनी दाखविले. म्हणजे इलेक्ट्रॉनाची ऊर्जा निवडून रेणूतील कोणता बंध तोडावयाचा हे ठरविता येते. रसायनशास्त्रात एवढी निवड क्वचितच हाती येते.

तथापि वाफेतील रेणू आणि पेशीतील रेणू एक नव्हेत. पेशीतील पाण्यात ग्लायसीनच्या कार्बोक्सिल गटाने आपला हायड्रोजन धनभारित रूपात आधीच सोडून दिलेला असतो. प्रथिनांच्या साखळीत तर हा गट पुढील ॲमिनो आम्लाशी जोडण्यातच खर्ची पडतो. शिवाय भोवतालचे पाणी इलेक्ट्रॉनाला झपाट्याने थंडावते. म्हणून वाफेवरील आकडे जसेच्या तसे शरीराला लावणे योग्य नव्हे. परंतु मूळ यंत्रणा उपचारात उपयोगी पडण्याजोगी आहे. डीएनएतील थायमीनच्या जागी ब्रोमोयुरॅसिल घातले की पेशी प्रारणाला अधिक बळी पडतात, हे पूर्वीपासून ज्ञात होते. त्यातील ब्रोमीन इलेक्ट्रॉन सहज स्वीकारतो आणि जवळजवळ शून्य ऊर्जेचा इलेक्ट्रॉनही कार्बन-ब्रोमीन बंध तोडू शकतो. गाठीतील पेशी अशा रेणूंनी अधिक हळव्या करून प्रारणाची मात्रा कमी ठेवता येईल काय, याचा शोध सुरू आहे.