हनुप्रदेशातील सौम्य अर्बुदे : निदान आणि औषधाची मर्यादा

जबड्यावर हळूहळू वाढणारी आणि न दुखणारी सूज घेऊन आलेला रुग्ण देवळा परिसरातील चिकित्सकास अधूनमधून भेटतोच. दुखत नाही म्हणून तो कांदाकाढणी संपेपर्यंत थांबलेला असतो, आणि दुखत नाही म्हणूनच त्यास कांचनार गुग्गुळ व लेप देऊन पंधरा दिवसांनी बोलाविले जाते. असे पंधरवडे वर्षभर लांबतात. दरम्यान आतील अस्थी पोखरली जात असते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११व्या अध्यायात वर्णिलेले अर्बुद वाटोळे, स्थिर, अल्पवेदनायुक्त, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे आहे. १६व्या अध्यायातील अधिमांस हा शेवटच्या दाढेपाशीच होणारा व्याधी. परंतु त्यात तीव्र वेदना व लालास्राव असतो. हा भेद रुग्णपरीक्षणात फार उपयोगी पडतो. आधुनिक शास्त्रातील ॲमेलोब्लास्टोमा म्हणजेच अर्बुद, असे समीकरण मांडणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तथापि लक्षणसाम्य दुर्लक्षिण्याजोगे खचितच नाही.

परीक्षण करताना दोन्ही बाजूंचा जबडा बाहेरून व तोंडातून, दोन्हीकडून चाचपावा. अस्थीचा पत्रा पातळ झाला असल्यास अंड्याचे कवच दाबल्यासारखी कुरकुर बोटास जाणवते. दात हलू लागले आहेत काय, सरकले आहेत काय, खालचा ओठ बधिर आहे काय, हे विचारावे. ओठाची बधिरता, जलद वाढ, न भरणारा व्रण किंवा मानेतील कठीण गाठ आढळल्यास सौम्यतेचा विचार बाजूस ठेवून कर्करोगाची शंका घ्यावी. तंबाखू-गुटख्याचे व्यसन असल्यास विशेषच. तीन आठवड्यांत न ओसरणाऱ्या प्रत्येक सुजेचा ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढावा असा आमचा आग्रह आहे. कर्करोगाची शंका असेल तेथे तीन आठवडेही थांबू नये.

शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सैल दात काढण्याच्या कर्माचा समावेश २०२०च्या अधिसूचनेने स्पष्ट केला. त्यामुळे येथे एक धोका मुद्दाम सांगतो. जबड्यातील रक्तवाहिन्यांच्या अर्बुदावरील सैल दात उपटल्यास प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. सुजेवरचा सैल दात एक्स-रे पाहिल्याविना काढू नये. सूज ठणकत वा स्पंदन पावत असल्यास तर हातच लावू नये.

सर्व सौम्य गाठी सारख्या नव्हेत. टाळूच्या मध्यावरील किंवा खालच्या जबड्याच्या आतील बाजूचा कठीण उंचवटा बहुधा केवळ अस्थीची वाढ असते. त्यास चिकित्सा लागत नाही. ओडोंटोमा बहुधा किशोरवयात, दात उगवत नाही म्हणून सापडतो. काढल्यावर सहसा परत येत नाही. महापेशी गाठीत रक्तातील कॅल्शियम व पॅराथॉर्मोन तपासावे, कारण मूळ दोष गळ्यातील ग्रंथीत असू शकतो. ॲमेलोब्लास्टोमा मात्र नावापुरताच सौम्य. बहुतांश रुग्णांत तो खालच्या जबड्यात, दाढांच्या मागील भागात होतो, आणि एक्स-रेवर साबणाच्या बुडबुड्यांसारखी चित्रे दिसतात. चित्रावरून निश्चिती होत नाही. केराटोसिस्टही असाच दिसतो. (त्यास २००५मध्ये अर्बुदांत घातले व २०१७मध्ये पुन्हा पुटी ठरविले, जुनी पुस्तके वाचताना हे ध्यानी असावे.) निर्णय बायॉप्सीचाच.

नेहमीच्या, घन प्रकारच्या ॲमेलोब्लास्टोमात नुसते खरवडून काढल्यास पुनरुद्भवाचे प्रमाण मोठे असते. म्हणून दिसणाऱ्या सीमेपलीकडील एक ते दोन सेंटिमीटर निरोगी अस्थीसह तो भाग काढतात व आवश्यक तेथे पायातील फिब्युला अस्थीने जबडा पुन्हा घडवितात. एकपुटी प्रकारात काही वेळा कमी शस्त्रकर्म पुरते. चिकित्सास्थानाच्या १८व्या अध्यायात शेष राहिलेले अर्बुद पुन्हा वाढते, सबब ते निःशेष काढावे, असा इशारा आहेच. लहान असताना आलेल्या रुग्णाचा जबडा वाचण्याची शक्यता असते. वर्षभर लेप लावून आलेल्याची कमी होते.

या अस्थिगत अर्बुदास विरवील असे सिद्ध झालेले कोणतेही औषध आपल्यापाशी नाही. क्षार, अग्निकर्म, पोटीस, भेदन यांनी निदानही बिघडते. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही जबड्याच्या गाठीसाठी दुसऱ्यांदा तीच बाटली मागणाऱ्यास एक्स-रे काढला का, हे विचारावे. येथील रुग्णास नाशिकला पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात दाखविता येते. खर्चाची धास्ती असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे शस्त्रकर्म बसते काय, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारण्यास सांगावे.

आपले काम शस्त्रकर्मानंतर पुष्कळ उरते. शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने, व्रण भरल्यावर त्रिफळा क्वाथाचा कोमट कवल, पातळ परंतु पौष्टिक आहार, आणि तोंड उघडण्याचा नित्य व्यायाम यांकडे आपणच लक्ष द्यावे. पुनरुद्भव दहा वर्षांनंतरही झाल्याचे दाखले आहेत. रुग्णाचा ओपीजी दरवर्षी काढवून घ्यावा, आणि जुन्या फिल्म फेकू नयेत असे घरच्यांना बजावावे. तुलना त्यांच्याशीच करावयाची असते.