खिशात साडेतीन लाख, घर पस्तीस लाखांचं

प्रश्न : आम्ही नवरा-बायको चाकणला कंपनीत कामाला आहोत. दोघांचे मिळून 60 हजार हातात येतात. बँकेत साडेतीन लाख साठलेत. मोशीत एका नव्या इमारतीवर ‘झिरो डाऊन पेमेंट’ असा मोठा बोर्ड आहे, फ्लॅट 35 लाखांचा. पण बँकेतले साहेब म्हणाले, पूर्ण पैसे आम्ही कधीच देत नाही. मग बोर्ड खोटा का? आणि बँक पूर्ण पैसे का देत नाही?
— एक वाचक भगिनी, भोसरी

उत्तर : ताई, बँकेतले साहेब खरं बोलले. रिझर्व्ह बँकेने मर्यादा घालून दिली आहे. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. उद्या हप्ते थकले, घर लिलावात काढावं लागलं आणि भाव पडलेला असला, तर मधली फट भरून निघावी म्हणून हे अंतर ठेवलेलं असतं.

या टप्प्यांत एक गंमत आहे, ती तुमच्या हिशेबात नेमकी आडवी येते. 35 लाखांचे 90 टक्के म्हणजे साडेएकतीस लाख. पण 30 लाखांची रेघ ओलांडली की 80 टक्क्यांचा नियम लागतो आणि तेव्हा 28 लाखच मिळतात. म्हणून तुम्हाला मिळू शकणारं मोठ्यात मोठं कर्ज 30 लाखांचं. घर 34 लाखांचं असो की 37 लाखांचं, आकडा तोच. वरचा प्रत्येक रुपया तुमचा.

म्हणजे 5 लाख तुमचे. पण खरा घोळ पुढे आहे. 10 लाखांवरच्या घराची किंमत धरताना बँकेला मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च मोजता येत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 2 लाख 45 हजार. नोंदणीचे 30 हजार. इमारतीचं काम चालू असेल तर परवडणाऱ्या घराचा 1 टक्का जीएसटी, 35 हजार. बेरीज 8 लाख 10 हजार होते. बँकेची प्रोसेसिंग फी आणि आत पंखे-ट्यूब लावण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

मग बोर्डवाला हे पैसे आणतो कुठून? एक वाट पर्सनल लोनची. 30 लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 26 हजार. वर 5 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी 5 वर्षांचं, हप्ता 11,600. साठातले साडेसदतीस हजार दर महिन्याच्या सुरुवातीलाच गेले. घरात आजारपण आलं किंवा कंपनीत ब्रेक मिळाला, तर पहिला फटका हप्त्याला बसणार.

दुसरी वाट मला फार वाईट वाटते, कारण ती सांगताना विक्रेता अगदी आपुलकीने बोलतो. ‘करारात 44 लाख लिहू, त्याचे 80 टक्के म्हणजे 35 लाख सुटतात, तुम्ही काहीच भरू नका.’ यात बँकेला दाखवायला तुम्ही न भरलेल्या 9 लाखांच्या पावत्या बनतात. मुद्रांक शुल्क 44 लाखांवर लागतं, म्हणजे 63 हजार जास्त. हप्ता 30 हजारांच्या वर जातो. आणि त्या खोट्या कागदांवर सही तुमची असते. बँकेची फसवणूक केल्याचा गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो. हे कोणी सुचवलं तर तिथून सरळ उठून या.

तिसरी वाट ‘ताबा मिळेपर्यंत व्याज आम्ही भरू’ ही. बिल्डरने व्याज भरणं थांबवलं की बँक कर्जदाराकडे येते, आणि कर्जदार तुम्ही. नॅशनल हाउसिंग बँकेने 2019 मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं होतं. दिल्लीच्या आसपास अशा योजनांत इतके लोक अडकले, की 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला चौकशी करायला लावली.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये 9 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना व्याजात सवलत आहे, एकूण 1 लाख 80 हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. पण अट अशी की घर 35 लाखांपर्यंतचं आणि कर्ज 25 लाखांपर्यंतचं हवं. 30 लाखांचं कर्ज घेतलंत की तुम्ही योजनेबाहेर. स्वतःचे पैसे कमी म्हणून कर्ज मोठं, आणि कर्ज मोठं म्हणून सवलत नाही. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच ही अट जड जाते, असं माझं मत आहे.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर बोर्ड विसरून 30 लाखांच्या आसपासचा जुना, रिसेलचा फ्लॅट शोधला असता. 25 लाखांचं कर्ज, हप्ता 21,700. जीएसटी नाही. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते. यजमानांचं नाव मालक म्हणून लागलं की ती जाते. तेव्हा स्वतःचे 5 लाख, शुल्क 1 लाख 80 हजार, नोंदणी 30 हजार, असे 7 लाख 10 हजार लागतील. साडेतीन तुमच्याकडे आहेत. दोघांच्या पीएफच्या पासबुकात किती जमलंय ते आजच बघा. घरासाठी ते काढता येतात आणि त्याला हप्ता नसतो. उरलेल्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबावं लागलं तर थांबा. त्या काळात आत्ताच्या भाड्याशिवाय दर महिन्याला 12 हजार बाजूला टाकून पाहा. ते जमले तर हप्ताही जमेल, आणि पैसेही साठतील.

तोवर मोशीच्या ऑफिसात कोणी टोकनसाठी घाई केली तर एवढं लक्षात ठेवा : रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि कर्ज मंजूर झाल्याचं बँकेचं पत्र हातात येईपर्यंत ते 10 टक्केसुद्धा देऊ नका.