पेत्राच्या गळाला लागलेला मासा
(शास्त्रपाठ : मत्तय १७:२४-२७)

गालील सरोवरात ‘मुश्त’ नावाचा मासा आहे. अरबीत मुश्त म्हणजे कंगवा. पाठीवरील काटेरी परामुळे हे नाव पडले. हिवाळ्यात कफर्णहूमनजीक तबघा येथील कोमट झऱ्यांकडे त्याचे थवेच्या थवे लोटतात. नर व मादी दोघेही अंडी तोंडात धरून पिले जपतात. म्हणून नाणे त्याच्याच तोंडात सापडले असे सांगतात, आणि यात्रेकरूंच्या ताटात तो ‘पेत्राचा मासा’ म्हणून येतो. (मीही प्रवचनात हेच सांगत असे!)

परंतु मूळ शब्द पाहा. ‘गळ’ या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात येथे एकदाच येतो. अन्यत्र मासेमारी जाळ्यांनीच होते. मुश्त पाण्यातील सूक्ष्म शेवाळावर व जीवांवर जगतो. तो जाळ्यात सापडतो, गळाच्या आमिषाला सहसा भुलत नाही. म्हणून त्या सरोवरावरील मासेमारीचे अभ्यासक मेंडेल नून यांनी आमिष घेणारा बार्बेल मासा सुचविला. नाणे कोणते, हे मत्तय नेमके सांगतो : स्टेटर, म्हणजे चार द्राख्मा, प्रभूची व पेत्राची मिळून मंदिरपट्टी. माशाचे नाव मात्र तो देत नाही. तेव्हा भाषांतरकाराने ‘मासा’ एवढेच लिहावे.