हजार टाक्यांचा हिशेब

यंत्रमागावर कापड किती मीटर निघाले ते पाहून मजुरी द्यायची, हा भिवंडी-मालेगावचा जुना रिवाज. थान डोळ्यांसमोर असते, मोजले की हिशेब संपला. परंतु आज आपल्याच कारखान्यांतून संगणकावर डिझाईन करणारे, खाती लिहिणारे, प्रोग्रॅम तयार करणारे तरुण बसू लागले आहेत. त्यांच्याही कामाला मीटरपट्टी लावण्याचा मोह मालकाला होतो.

भरतकामाच्या संगणकी यंत्रासाठी पंचिंग करणाऱ्याचे उदाहरण घेऊ. दर हजार टाक्यांमागे पैसे दिले, तर डिझाईनमध्ये टाके वाढणारच. टाके वाढले की दोरा जास्त लागतो, यंत्र जास्त वेळ चालते आणि दाट भरतीने कापड आकसते. कारागीर बेइमान नसतो. जे मोजले जाते तेच तो देतो.

अमेरिकेतही हेच घडले. १९८२ साली ॲपल कंपनीत ‘लिसा’ या संगणकाचे काम चालू होते. प्रत्येक प्रोग्रॅमरने आठवड्यात किती ओळी लिहिल्या, त्याचा फॉर्म भरून द्यावा, असे फर्मान निघाले. बिल ॲटकिन्सन यांनी त्याच सुमारास पडद्यावर आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रॅमचा एक भाग नव्याने लिहिला होता. तो जवळजवळ सहापट वेगाने चालू लागला आणि सुमारे २००० ओळी कमी झाल्या. फॉर्मवर त्यांनी ‘उणे २०००’ असा आकडा लिहिला! आणखी काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणेच बंद झाले.

टाका काय, ओळ काय, ती खर्चाची बाजू आहे. तिला जमेच्या बाजूला लिहिण्यातच घोटाळा होतो.

मग मोजावे काय? मालाचे पुढे काय झाले ते मोजावे, असे आमचे मत आहे. संगणक क्षेत्रात २०१८ साली निघालेल्या ‘ॲक्सिलरेट’ या पुस्तकाने चार मोजमापे पुढे आणली: नवा बदल किती वेळा बाहेर जातो, तयार झाल्यापासून बाहेर जायला किती वेळ लागतो, किती बदल बिघडतात आणि बिघाड किती वेळात निस्तरतो. दोन वेगाची, दोन भरवशाची. नुसत्या वेगामागे धावले तर बिघाडाचा आकडा चुगली करतो, म्हणून ती जोडीने पाहायची. शिवाय ती साऱ्या गटाची असतात. माणसागणिक आकडा लावला की शेजाऱ्याची अडचण सोडवायला कोणी जागचा उठत नाही. आणि तसा मदतीला उठणारा माणूसच बहुधा कारखान्यातला सर्वांत मोलाचा असतो!

पंचिंगच्या खात्यात याचा अर्थ असा: डिझाईन मागितल्यापासून यंत्रावर चढेपर्यंत किती दिवस गेले, नमुना पहिल्याच खेपेस पसंत पडला का, चालवताना दोरा किती वेळा तुटला, गिऱ्हाईकाने तेच डिझाईन पुन्हा मागवले का. एका वहीत चार रकाने आखले की पुरे. मात्र रकाने ठरवताना पंचिंगवाल्याला आणि यंत्र चालवणाऱ्याला सोबत बसवावे. दोरा पंचिंगमुळे तुटला की सुई बोथट होती, हे त्या दोघांनाच ठाऊक असते.

आणि पहिले तीन महिने या वहीवरून कोणाचा पगार वाढवू नये, कापूही नये.