मळ्यातील उन्हाळी पंगत

वैशाखात लग्नसराई चालू असते, आंबा उतरलेला असतो आणि शहरात नोकरीस असलेले आप्त सुटीसाठी गावी येतात. घरात माणसे मावत नाहीत व पंगत मळ्यातील झाडाखाली बसते. कृषी पर्यटनाचा जोडधंदा करणाऱ्या कुटुंबांकडे तर असे पाहुणे वरचेवर येतात; या व्यवसायासाठी महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये स्वतंत्र धोरणही जाहीर केले. पाहुण्यांसाठी मांडव, कागदी फुले व बाजारची ताटे यांवर पुष्कळ पैसा खर्च होतो. वास्तविक पंगतीच्या शोभेचे बहुतेक साहित्य मळ्यातच असते. मात्र उन्हाळ्यात उघड्यावरील अन्न लवकर नासते. एका भांड्याची हयगय साऱ्या पंगतीस आजारी पाडू शकते. म्हणून शोभा व आरोग्य यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

तयारी वाफ्यापासून

चांगल्या पंगतीची तयारी दोन महिने आधी परसबागेत सुरू होते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पंगत व्हावयाची असेल तर काकडी, भेंडी व गवार यांची पेरणी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करावी. ही पिके साधारणतः ४५ ते ६० दिवसांत तोडणीस येतात. कोथिंबिरीसाठी धने रगडून त्यांचे दोन भाग करावेत व ते विरळ सावलीच्या वाफ्यात मार्चअखेर पेरावेत. पुदिना पाण्याच्या पाटाजवळ लावावा. पंगतीच्या आधी भाजीवर कीटकनाशक फवारले असेल तर डब्यावर दिलेला प्रतीक्षेचा काळ पुरा झाल्याशिवाय ती तोडू नये. पाने व फुले यांनाही हाच नियम लावावा.

जागेची निवड

मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे भर दुपारी सावली झाडाच्या बुडाशी पडते व नंतर ती पूर्वेकडे सरकते. दुपार टळल्यावर पंगत बसणार असेल तर पाने खोडाच्या पूर्वेस मांडावीत. शक्य तर सकाळी अकराच्या आत किंवा ऊन उतरल्यावर पंगत बसवावी. आंबा, चिंच किंवा वड यांची सावली उत्तम. नारळाखाली कोणासही बसवू नये. फांद्यांवर मधमाश्यांचे पोळे अथवा मुंग्यांची घरटी नाहीत हे आदल्या दिवशी पाहावे. जमीन झाडून तिच्यावर पाण्याचा सडा घालावा, म्हणजे धूळ बसते व गारवा येतो. मात्र वळवाचे ढग जमून गडगडाट ऐकू येताच पाने तशीच सोडून सर्वांना पक्क्या घरात न्यावे. विजेच्या वेळी झाडाखाली थांबणे जिवावर बेतते.

पाने व पत्रावळी

एकदाच वापरून फेकावयाची थर्माकोलची व प्लास्टिकची ताटे-वाट्या यांवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली. त्यांची गरजही नाही. केळीचे पान घ्यावयाचे तर ज्या झाडावर घड पोसत आहे त्याचे तोडू नये, कारण तीच पाने घडाला पोसतात. घड उतरलेल्या झाडाची निरोगी पाने घ्यावीत. मोरीच्या सांडपाण्यावर दोनचार केळी केवळ पानांसाठी राखल्या तर ही अडचण राहत नाही. पान दोन्ही बाजूंनी स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावे आणि त्याचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हातास येईल असे मांडावे. पळसाच्या पत्रावळी आधीच लावून, वाळवून, कोरड्या जागी ठेवाव्यात. पातळ पदार्थासाठी द्रोण घ्यावेत.

फुलांची शोभा

पानाभोवती रांगोळी काढण्याची चाल आहे. परंतु वाऱ्याने तिची पूड अन्नात उडते. उघड्यावर तिच्याऐवजी झेंडू व गुलाब यांच्या धुतलेल्या पाकळ्यांची महिरप काढावी. दोन पानांमध्ये पाण्याने भरलेल्या मातीच्या पणतीत मोगऱ्याची फुले ठेवली की सुगंधही दरवळतो. आंब्याच्या पानांचे तोरण दोन खोडांमध्ये बांधावे. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा व रुई ही झाडे विषारी आहेत. त्यांची फुले कितीही सुंदर दिसली तरी ती पंगतीजवळ आणू नयेत. लहान मुले हाती लागेल ते तोंडात घालतात.

पाणी व पेये

दर माणशी किमान दोन लिटर पिण्याचे पाणी ठेवावे. विहिरीचे पाणी उकळून गार करावे, किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात त्यात क्लोरीनचे द्रावण घालावे. माठ ओल्या वाळूवर ठेवून त्यास ओले फडके गुंडाळावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत असे पाणी चांगले गार होते. कोकणच्या दमट हवेत तितके होत नाही. वाळ्याची धुतलेली जुडी माठात सोडावी. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे, पेला बुडवू नये. पन्हे, ताक व कोकमाचे सरबत कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आंबट पदार्थात धातू उतरून विषबाधा होते. त्यासाठी स्टीलची भांडी किंवा मातीचे माठ वापरावेत.

वाढप

मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या व आमटी उजवीकडे आणि वरणभात मध्ये, हा परिचित क्रम पाळावा. हिरवी चटणी, काकडीची पांढरी कोशिंबीर, लालसर लोणचे व पिवळा आमरस यांनी पान स्वतःच सजते. आंबे धुऊन पाण्यात भिजत घालावेत व रस पंगत बसण्याच्या सुमारास काढावा. कडक उन्हाळ्यात शिजलेले अन्न तासाभरात वाढून संपवावे. माणसे जास्त असल्यास दोन वेळा शिजवावे, पण सकाळचे अन्न सायंकाळच्या पंगतीस वाढू नये. सर्व भांडी झाकलेली असावीत. वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत आणि ज्यास जुलाब किंवा उलट्या होत असतील त्याने त्या दिवशी अन्नास हात लावू नये.

पंगत उठल्यावर

उष्टी पाने, फुले व तोरणे कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा नाडेप टाकीत टाकून मातीने झाकावीत. बांबूच्या काड्या असलेल्या पत्रावळी गुरांपुढे टाकू नयेत. चार महिन्यांनी याच पानांचे खत परसबागेच्या वाफ्यात परत जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या साहाय्याने फेब्रुवारीतच दोनतीन घरी असे वाफे तयार करवून घ्यावेत आणि उन्हाळ्यात अशी एक पंगत प्रात्यक्षिक म्हणून बसवावी. ज्या घरातील पाहुणा तृप्त होऊन व निरोगी परत जातो, त्या घरी तो पुढील वर्षी पुन्हा येतो.